खुदखुद्याचं राहिलेलं वाक्य

माझा साडू विनोद सांगायला लागला की आम्ही घरातली माणसं एकमेकांकडे बघायचो. त्याच्या प्रत्येक विनोदाचा पहिला अर्धा भाग आम्हांला पाठ होता. दुसरा अर्धा कुणीच ऐकलेला नव्हता. निम्म्यावर आला की त्याच्या पोटात काहीतरी खुदखुदायला लागायचं, मग खांदे हलायचे, मग डोळ्यांतून पाणी, आणि शेवटी हा गडी टेबलावर डोकं टेकून हसत बसायचा. आम्ही चहा पिऊन, कपबशा विसळून बाहेर गेलो तरी याचं चालूच. म्हणून सगळे त्याला खुदखुद्या म्हणायचे. सासरेबुवासुद्धा. जावयाला टोपणनावानं हाक मारणारा सासरा विरळाच, पण त्यांचाही नाइलाज होता.

आमच्या गावच्या शाळेत असता तर तो जन्मभर वर्गाबाहेरच राहिला असता. आमच्याकडे एक मास्तर आणि चार इयत्ता. जो हसेल त्यानं बाहेर उभं राहायचं, हा मास्तरांचा नियम. एकदा मास्तरांच्या टोपीवर सरडा चढला. पाच मिनिटांत सगळी शाळा बाहेर, आणि आत मास्तर आणि सरडा. दोघंही गंभीर. असो. सांगायचं होतं खुदखुद्याचं.

माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा हा नवरा. माझ्याहून सहा वर्षांनी लहान. फोटोंना फ्रेमा करायचं याचं दुकान. अरुंद, लांबट, बोगद्यासारखं. दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या उभ्या केलेल्या, मधे कापायचं टेबल, मागच्या कोपऱ्यात शेगडीवर चिकटवायच्या सरसाचं डबडं. हातात कापायची हिरकणी घेऊन काचेवरून अशी एक रेघ ओढायचा, आणि टिचकी मारली की काच बरोबर रेघेवर सुटायची. दर फ्रेमेच्या मागे शिसपेन्सिलीनं तारीख आणि गिऱ्हाइकाचं नाव लिहायचा, टपोऱ्या अक्षरात. मी पाण्याचे मीटर वाचत घरोघर फिरायचो. दुपारचं ऊन टाळायला त्याच्या दुकानात टेकायचो आणि हत्तीच्या विनोदाचा पहिला अर्धा भाग ऐकून पुढच्या गल्लीला लागायचो.

तो विनोद असा. एक माणूस हत्तीला घेऊन शिंप्याकडे जातो आणि म्हणतो, याला कोट शिवून द्या. शिंपी शिडी लावून मापं घेतो. सगळी मापं वहीत उतरवून विचारतो, खिसे किती ठेवू? झालं. इथं खुदखुद्याचे खांदे हलायला लागायचे. हत्तीला कोट कशाला पाहिजे, हे मला बत्तीस वर्षं कळलं नाही.

आता अशा माणसाला स्वप्न कसलं असावं? तर रंगमंचावर उभं राहून लोकांना हसवायचं. एकट्यानं, भरल्या सभागृहाला. देव पण एकेकाची गंमत करतो. बाविसाव्या वर्षी आमच्या भागातल्या वाचनालयाच्या नाटकात त्याला नोकराचं काम मिळालं. एकच वाक्य होतं, "साहेब, पत्र आलंय." पहिल्याच तालमीत 'साहेब' म्हणाला आणि हसत खाली बसला. तेव्हाचे चिटणीस दयाळू. ते म्हणाले, याला प्रेत करा. प्रेताला वाक्य नसतं. प्रयोगाच्या दिवशी याच्यावर पांढरी चादर घातली, बाजूला बायको रडतेय, भाऊ रडतोय, प्रेक्षकांत बायकांनी पदर डोळ्यांना लावलेले. आणि चादर हलायला लागली. आधी पोटावर, मग खांद्यांवर. मेलेला माणूस हसतोय म्हटल्यावर सभागृहाचं जे झालं ते झालं. चिटणिसांनी दुसऱ्या दिवशी याचं नाव यादीतून काढलं. त्यानंतर तो चाळीस वर्षं त्या सभागृहाची पायरी चढला नाही. वाचनालयातून पुस्तकं मात्र आणायचा. तीही बायकोला पाठवून.

मग तो साठीत आला आणि एकदम गप्प झाला.

म्हणजे बोलायचा, पण चेहरा हलेना. काही सांगा, दगडासारखा बघत राहायचा. मेहुणीला वाटलं, नवरा रुसला. आता बत्तीस वर्षांच्या संसारात जो कधी रुसला नाही तो रुसला म्हणजे कारण मोठंच असणार. ती बिचारी विचारायची, "अहो, माझं काही चुकलं का?" हा म्हणायचा, "नाही." चेहरा तसाच. मग ती आणखी गोड बोलायची. त्याला दोन नवे सदरे आणले. आपल्या माहेरच्या माणसांना घरी बोलवायचं बंद केलं. (ते मात्र मला लागलं.) आठ महिने हे चाललं.

त्यात इतर गोष्टी. फ्रेमेच्या मागचं अक्षर बारीक होत चाललं, इतकं की मुंगी पेन्सिल घेऊन बसली असावी. एकदा सरस करपून दुकानभर धूर झाला आणि याला वासच आला नाही. शेजारचा चाव्यावाला धावत आला तेव्हा हा शांतपणे पट्टी घासत होता. डावा हात चालताना हलेना. आणि टेबलावर रिकामा ठेवला की थरथरायला लागला. कामाला लावला की थरथर थांबायची. मी म्हटलं, "आमच्या खात्यात याच्या उलट. तिथं हात रिकामे असले की सगळे शांत, काम दिलं की थरथर."

तो हसला नाही. तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

त्याची लेक आम्हांला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाईंनी त्याला बोटं उघडमिट करायला लावली, चालायला लावलं, दारातून आत-बाहेर करायला लावलं. मग समोर बसवून म्हणाल्या, "तुम्हांला पार्किन्सन आहे." औषधानं बरंच बरं वाटेल, पण आजार जाणार नाही, हळूहळू पुढं सरकेल, हे त्यांनी लपवलं नाही. गोळी दिवसातून चार वेळा. आठ, बारा, चार, आठ. "घड्याळ लावून घ्यायची. पाच मिनिटंही इकडंतिकडं नको."

"आणि चेहरा?" मेहुणीनं विचारलं.

"तो त्यातलाच भाग. चेहऱ्याचे स्नायू आखडतात. मनात हसू असतं, बाहेर पोचत नाही."

मेहुणी नवऱ्याकडे वळून म्हणाली, "म्हणजे तुम्ही रुसला नव्हता?"

"नाही गं."

"आठ महिने मी उगाच गोड बोलले!"

डॉक्टरीणबाईंनी फाइलमागं तोंड लपवलं.

खरी गोष्ट घडली बाहेरच्या बाकावर. लेक औषधं आणायला गेली होती. बाकावर आम्ही तिघं आणि चार-पाच परके पेशंट, सगळ्यांची तोंडं उतरलेली. खुदखुद्या समोरच्या भिंतीकडे बघत होता. काय त्याच्या मनात आलं देव जाणे, म्हणाला, "साडू, एक माणूस हत्तीला घेऊन शिंप्याकडे जातो."

मी म्हटलं, सांग बाबा. आज तुझा दिवस आहे.

कोट, शिडी, मापं, वही. मी खांद्यांकडे बघत होतो. "शिंपी विचारतो, खिसे किती ठेवू?" खांदे हलले नाहीत. चेहरा भिंतीसारखा. आणि तो त्याच सुरात पुढं म्हणाला, "माणूस म्हणतो, एकच ठेवा, रुमालापुरता. सर्दी झालीय म्हणून तर कोट शिवतोय."

बत्तीस वर्षांनी शेवट कळला! तसा शेवट फार मोठा होता असं नाही. पण ज्या चेहऱ्यानं तो सांगितला, जणू हत्ती याच्याच घरचा आहे आणि त्याच्या सर्दीची याला खरोखर काळजी आहे, तो चेहरा बघून मी फुटलो. शेजारचे आजोबा फुटले. पलीकडची बाई गळ्यातला पट्टा धरून हसायला लागली. नर्स बाहेर येऊन म्हणाली, "काय चाललंय?" तर एकानं तिला हत्तीचं सांगायचा प्रयत्न केला आणि त्यालाच हसू आवरेना.

खुदखुद्या आमच्याकडे बघत होता. डोळे तेवढे चमकत होते. हळूच म्हणाला, "साडू, मी शेवटापर्यंत पोचलो."

घरी येईपर्यंत त्यानं ठरवलं होतं. वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात पंधरा मिनिटं मागायची. "आता नाही तर कधीच नाही," म्हणाला. "आज चेहरा गेलाय. पुढं पाय जातील, आवाज जाईल. आवाज आहे तोवर एकदा सभागृह हसवायचं. मी न हसता."

जुन्या चिटणिसांचा मुलगा आता चिटणीस आहे. त्यानं चष्मा पुसला, पुन्हा घातला. "काका, राग मानू नका. आमच्याकडे अजून त्या मेलेल्या माणसाची आठवण काढतात."

"तो मी वारलो," खुदखुद्या म्हणाला. "आता दुसरा आलाय."

चिटणीस हसला, आणि मग आपण हसलो हे त्याच्या लक्षात आलं. पंधरा मिनिटं मिळाली. रविवार, दुपारी सव्वातीन.

पण गंमत पुढंच होती. गोळ्या सुरू झाल्या आणि लागू पडल्या. बाराची गोळी घेतली की चाळीस मिनिटांत हात सैल, पाय हलके, अक्षर मोठं. आणि चेहरा जिवंत! आम्ही सगळे खूश. त्यानं दुकानात पहिली तालीम केली आणि तिसऱ्या वाक्याला खुदखुदायला लागला. टेबलावर डोकं. लेक बघतेय, मी बघतोय. मेहुणी म्हणाली, "गोळी उतरली की बघू." तीनच्या पुढं पुन्हा तालीम केली. चेहरा दगड, गोष्ट शेवटापर्यंत. त्याचं औषध त्याच्या स्वप्नाच्या मुळावर आलं होतं!

मग लेकीनं फ्रेमेच्या मागं लावायच्या पुठ्ठ्यावर तक्ता आखला. पंधरा दिवस रोज दुपारी घड्याळ घेऊन बसली. बाराची गोळी उतरताना आधी चेहरा जातो, तीन दहाला. आवाज साडेतीननंतर बसायला लागतो. पाय पावणेचारला अडकतात. म्हणजे तीन दहा ते साडेतीन ही वेळ सोन्याची. चेहरा दगड आणि बाकी सगळं शाबूत. चिटणिसानं दिलेली सव्वातीनची वेळ बरोबर त्यात बसत होती. डॉक्टरीणबाईंनी तक्ता बघितला, हसून म्हणाल्या, "गोळीच्या वेळेला हात लावत नाही ना? मग कार्यक्रमाची वेळ कशीही लावा."

पाय अडकायचे ते बहुतेक दारात. उंबऱ्यापाशी आला की पाय जमिनीला चिकटल्यासारखे. त्यावर त्याचा त्यानंच उपाय शोधला. एकदा जमिनीवर फ्रेमेची पट्टी आडवी पडली होती, तिच्यावरून तो सहज पाय टाकून गेला. अडथळा दिसला की पाय उचलला जातो. विचित्र आहे, पण आहे खरं. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक दारात एकेक पट्टी चिकटवलेली. मी दोनदा ठेचकाळलो.

आता त्याची गोष्ट. ती त्यानं स्वतः रचली, दुकानातल्या अनुभवावरून. एक गृहस्थ एकत्र कुटुंबाचा फोटो फ्रेमेला आणतो. अकरा माणसं. म्हणतो, "उजव्या टोकाला माझा धाकटा भाऊ आहे. आमचं बोलणं बंद आहे. जरा रुंद पट्टी लावा, तो पट्टीखाली जाऊ दे." लावली. आठवड्यानं तो धाकटा भाऊ गुपचूप तीच फ्रेम घेऊन येतो, "डाव्या टोकाचा थोरला पट्टीखाली जाऊ दे." मग मधली आत्या येते, तिला खालच्या रांगेतल्या दोन्ही भावजया नकोत. मग एक साडू येतो. त्याला सगळेच नकोत, कारण त्याला मागच्या रांगेत उभं केलं. असं करत करत पट्ट्या इतक्या रुंद होतात की मधे काडेपेटीएवढं भोक उरतं आणि त्यात स्टुडिओतली फुलदाणी. फोटो भिंतीवर लागतो. अकराही जण बघायला येतात, आणि एका सुरात म्हणतात, "वा! सगळे कसे छान आलेत!"

हे शेवटचं वाक्य. तालमीत मी ते वीस वेळा ऐकलं आणि वीस वेळा हसलो.

एक तक्रार होती. "हा साडू कोण?" मी विचारलं.

"काल्पनिक आहे."

"काल्पनिक साडू पाण्याचे मीटर वाचतो?"

"योगायोग," तो म्हणाला. चेहऱ्यावरून काही कळेल तर शपथ.

रविवार आला. सभागृह भरलं. मधोमध खुर्ची, माइक, आणि पडद्याच्या कडेपासून खुर्चीपर्यंत लेकीनं जमिनीला चिकटवलेल्या नऊ पट्ट्या. दोनचा कार्यक्रम अडीचला सुरू झाला, तोही हिशेब आम्ही धरला होता. तीनला प्रमुख पाहुणे उभे राहिले. निवृत्त मुख्याध्यापक, दहा मिनिटांसाठी. वाचनाचं महत्त्व.

तीन दहाला पाहुणे म्हणाले, "आता शेवटचा मुद्दा." आम्ही पडद्यामागं खुदखुद्याच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली. तीन वीसला पाहुणे म्हणाले, "आणि शेवटचा मुद्दा." साडेतीनला त्यांनी खिशातून आणखी एक कागद काढला. मी पाण्याचा पेला नेऊन ठेवला, त्यांनी तो पिऊन आभार मानले आणि ताजेतवाने होऊन पुढं निघाले. चिटणीस चिठ्ठ्या पाठवत होता. त्यांना वाटत असावं श्रोत्यांच्या शंका आहेत, प्रत्येक चिठ्ठी वाचायच्या आधीच म्हणायचे, "त्याकडे मी येणारच आहे." सात शेवटचे मुद्दे मी मोजले.

इकडं खुदखुद्याची सोन्याची वेळ वाळूसारखी गळत होती. पावणेचारला त्याचा आवाज बसला. पाच मिनिटांनी तो उठायला गेला आणि उठता आलं नाही. चारला मेहुणीच्या पर्समधलं घड्याळ वाजलं. तिनं गोळी काढली.

"नंतर घेतो," तो म्हणाला. इतक्या हळू की मी कान जवळ नेला.

"आत्ता."

"आत्ता घेतली तर मधेच चढेल. चेहरा सुटेल. मी हसेन." त्यानं तिचा हात धरला. "एक दिवस. आयुष्यात एक दिवस."

मेहुणीचे डोळे भरले होते, पण हात हलला नाही. "पाय चिकटलेत तुमचे. आवाज माझ्यापर्यंत येत नाही, सभागृहापर्यंत कसा जाईल? आठ महिने खोटा रुसलेला नवरा सांभाळलाय. आता खराखुरा रुसा. पण गोळी घ्या."

त्यानं माझ्याकडे बघितलं. आयुष्यभर मी मीटर वाचले. काटा जे दाखवेल ते लिहायचं, आपल्या मनाचं नाही. मी म्हटलं, "घे रे बाबा."

त्यानं घेतली.

पाहुणे सव्वाचारला बसले. टाळ्या कडाडून, सुटकेच्या. लोक अर्धे उठायच्या बेतात. चिटणिसानं घाईघाईनं पुकारा केला. खुदखुद्याला आम्ही दोघांनी उभं केलं, तो पडद्याच्या कडेला आला आणि तिथंच चिकटला. सभागृहाला फक्त त्याचं नाक दिसत असेल. लेक मागून म्हणाली, "बाबा, पट्टी." त्यानं खाली बघितलं. पहिली पट्टी ओलांडली. थांबला. सभागृहाकडे बघितलं, त्या दगडी चेहऱ्यानं. दुसरी ओलांडली. पुन्हा थांबला, पुन्हा बघितलं, जणू पट्टीखाली कोण आहे ते त्याला माहीत आहे आणि तो सांगणार नाही. तिसऱ्या पट्टीला कुणीतरी मागच्या रांगेत हसलं. पाचवीला निम्मं सभागृह. मग मी बघितलं, सातवीपाशी तो गरजेपेक्षा जास्त वेळ थांबला. लबाड! नववीला टाळ्या. अजून तोंड उघडलेलं नव्हतं.

खुर्चीवर बसला, माइक ओठांना लावला. आवाज इतका लहान की सगळे पुढं वाकले. उठलेले पुन्हा बसले. चार पंचवीस झाले होते. लेकीच्या तक्त्याप्रमाणं गोळी चढायला पंधरा मिनिटं होती आणि गोष्ट पंधरा मिनिटांची.

धाकटा भाऊ पट्टीखाली गेला, लोक हसले. थोरला गेला, लोक आणखी हसले. मधली आत्या आली तेव्हा पुढच्या रांगेतल्या एका बाईनं आपल्या नणंदेकडे बघितलं आणि दोघी एकमेकींच्या खांद्यावर पडल्या. साडू आला. सगळे खो-खो हसताहेत आणि मी एकटा ताठ. पण हशामुळं वेळ जात होता, हे कुणाच्या लक्षात? तालमीत हसायला आम्ही तिघंच होतो. इथं तीनशे माणसं होती. प्रत्येक हशाला त्याला थांबावं लागत होतं.

चार बेचाळीस. फुलदाणी आली. आवाज मोकळा झाला होता. डावा हात शांत. मेहुणीनं माझं मनगट आवळलं. "भाऊजी, ओठ बघा."

उजव्या कोपऱ्यात ओठ हलत होता.

"फोटो भिंतीवर लागला," खुदखुद्या म्हणाला. "अकराही जण आले. भिंतीसमोर उभे राहिले. आणि एका सुरात म्हणाले..."

पोटापासून सुरू झालं. मग खांदे.

"म्हणाले..." त्यानं पुन्हा प्रयत्न केला. डोळे मिटले, मूठ आवळली, श्वास घेतला. "एका सुरात..." आणि तो गेला. गुडघ्यांवर डोकं टेकून हसत सुटला. सतरा मिनिटं दगड बघितलेल्या लोकांनी तो दगड फुटताना बघितला, आणि असा हशा उठला की छपरावरची कबुतरं उडाली. म्हातारी माणसं खुर्च्यांच्या पाठी धरून हसत होती. प्रमुख पाहुणेसुद्धा. वाक्य काही आलं नाही. शेवटी चिटणिसानं डोळे पुसत पडदा ओढला.

पडद्यामागं आम्ही नाचायच्या बेतात. चिटणीस त्याचा हात सोडेना. "काका, असा कार्यक्रम आमच्या सभागृहानं बघितला नाही!"

खुदखुद्याचा चेहरा आता चांगला चालत होता आणि तो चेहरा रागानं लाल होता. "वाक्य राहिलं," तो म्हणाला.

"अहो, लोक किती हसले!" मेहुणी म्हणाली.

"मला हसले. गोष्टीला नाही. मेलेला माणूस हसला तेव्हाही हसलेच होते."

बत्तीस वर्षांत तो पहिल्यांदा खराखुरा रुसला, आणि दोन दिवस रुसून राहिला. दुकानात माणसं येऊन विचारायची, "ते अकरा जण म्हणाले काय?" तो म्हणायचा, "नुसतं वाक्य सांगून काय उपयोग? पुढची फ्रेम कोणती करायची ते बोला."

तिसऱ्या दिवशी मी गेलो तर टेबलावर कागद पसरून बसला होता. दुसऱ्या भागातल्या वाचनालयानं बोलावलं होतं, दीड महिन्यानं. त्यानं दोन अटी घातल्या होत्या. वेळ सव्वातीनची, आणि आधी भाषण नाही. तिसरी अट त्यानं स्वतःला घातली होती. गोष्ट आठ मिनिटांची. हशांचा वेळ धरून बारा. गोळी कशीही वागली तरी वाक्य आधी आलं पाहिजे.

"म्हणजे निम्मी माणसं काढायची," लेक म्हणाली.

"आत्या राहू दे," मेहुणी म्हणाली. "आत्येला बायका हसतात."

"धाकटा भाऊ नसेल तर गोष्टच सुरू होत नाही," तो म्हणाला.

मग तिघांनी माझ्याकडे बघितलं.

"अरे, साडू म्हणजे गोष्टीचा कणा आहे!" मी म्हटलं. "त्याचं ते मागच्या रांगेचं दुखणं, ते किती खरं आहे!"

"साडूला चार मिनिटं लागतात, भाऊजी," मेहुणी म्हणाली. "बोलतोच फार."

"तो काल्पनिक आहे ना?"

"म्हणून तर दुखणार नाही," खुदखुद्या म्हणाला, आणि पेन्सिलीनं अशी एक सरळ रेघ मारली, काचेवर मारायचा तशी.

दुसऱ्या सभागृहात मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. तीन सतराला तो पट्ट्यांवरून आला, तीन एकोणीसला बोलायला लागला. भाऊ, भाऊ, आत्या, भावजया. मधे मला सारखं वाटत होतं, आता साडू येईल, आणि तो येत नव्हता. कुणालाही त्याची उणीव भासली नाही. तीन एकतीसला फोटो भिंतीवर लागला, अकराही जण भिंतीसमोर उभे राहिले. आवाज चिरकला होता, पण ऐकू येत होता. खुदखुद्यानं प्रेक्षकांकडे बघितलं, त्या चेहऱ्यानं, आणि वाक्य म्हणाला. पूर्ण.

मग सभागृह कोसळलं. तो खुर्चीवर हात ठेवून बघत राहिला, इकडून तिकडं, एकेका रांगेकडे. हसत असलेल्या माणसांना मोजतोय असं वाटलं. त्याला घाई नव्हती.

मीही खूप हसलो. माझ्याशिवाय गोष्ट जास्त चांगली झाली, हे त्याच्यासमोर कबूल करायला मात्र मला चार दिवस लागले.